मधमाशी गुरू आणि गृहस्थाची अहिंसा

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. "महाराज, अंगावर धड वस्त्र नाही, पोटापाण्याची सोय नाही, तरी आपण इतके आनंदात कसे?" असे राजाने विचारले. त्यावर अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. दत्तसंप्रदायात हा संवाद आपल्या प्रभूंचाच मानतात. नाथ महाराजांनी या एकादश स्कंधावर जी टीका लिहिली, ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीक्षेत्री पूर्ण झाली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ती पोथी लाल फडक्यात बांधलेली असेल.

या चोवीस गुरूंच्या यादीकडे आपण एक गोष्ट लक्षात घेऊन पाहत नाही. पृथ्वी, वायू, आकाश, चंद्र, सूर्य, समुद्र हे मोठे गुरू. ते आपल्याला दुरून पुजता येतात, त्यांचा आपल्याला उपद्रव नाही. पण कबुतर, कोळी, पतंग, साप, मधमाशी आणि मातीचे घर करणारी कुंभारीण माशी हेही त्याच यादीत आहेत. हे सगळे आपल्या घराच्या भिंतीत, वळचणीला, गच्चीवर राहायला येतात. दसरा-दिवाळीची साफसफाई निघाली की कोळ्याचे जाळे झाडूने जाते, कुंभारणीचे घर खराट्याच्या दांड्याने फुटते, कबुतरांसाठी गॅलरीला जाळी लागते. आणि मोहोळ दिसले की पहिला शब्द तोंडातून निघतो, "जाळा."

मग मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण दत्तजन्माचा पाळणा म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच घरात, महिना-दीड महिन्याच्या अंतराने होतात. तेव्हा प्रश्न असा की, ज्याला प्रभूंनी गुरू म्हटले तो आपल्या छताला येऊन लटकला, तर गृहस्थाने त्याच्याशी कसे वागावे? संन्याशाचे सोपे आहे. त्याला घर नाही, म्हणून घरात शिरलेल्या मधमाशीचा प्रश्नही नाही. आपल्याला घर आहे, नातवंडे आहेत, म्हणून हा प्रश्न आपला आहे.

आधी अवधूत काय शिकले ते पाहू. मधमाशी फुलाफुलातून थोडे थोडे घेते, फुलाला इजा करत नाही. तसे साधूने घराघरातून थोडे थोडे घ्यावे, एकाच घरावर भार टाकू नये. 'माधुकरी' हा आपल्या महाराष्ट्राचा शब्द त्यातूनच आला. पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. लहान फूल असो की मोठे, मधमाशी सार घेते, तसे शहाण्याने लहानमोठ्या सर्व शास्त्रांतून सार घ्यावे, हीही शिकवण तिथेच आहे. दुसरा धडा उलट बाजूचा. मधमाशी साठवते, आणि साठ्यापायीच तिचा नाश होतो. म्हणून साधूने संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी राखून ठेवू नये. पुढे अवधूतांनी मध काढून नेणाऱ्यालाही, 'मधुहा'लाही, गुरू केले. कंजुषाने जमवलेले धन दुसराच कोणी उपभोगतो, हे त्याच्याकडून शिकले.

म्हणजे मध जमवणारी गुरू आणि मध नेणारा तोही गुरू. या कथेत आपण कुठे बसतो? रात्री टेंभा लावून मोहोळ जाळणारा गृहस्थ मधमाशीसारखा नाही, आणि मधुहासारखाही नाही. मधुहाला निदान मध तरी मिळतो. आपल्या हाती राख येते.

ही चर्चा नुसती पोथीतली नाही. आमच्या वर्ध्याकडच्या एका दत्तमंदिरात ती प्रत्यक्ष झाली, त्या बैठकीला मी हजर होतो. गुरुचरित्राचा सप्ताह सुरू होता, पालखीला तीन दिवस उरले होते आणि सभामंडपाच्या उंच स्लॅबखाली परातीएवढे आग्या मोहोळ लागले होते. उत्सव समितीतला एक तरुण म्हणाला, "काकाजी, येवढा काय विचार करून राहिले? रात्री टेंभा लावून देऊ, सकाळी झाडून घेऊ. कोनाले समजनार बी नाही." त्यावर रोज काकड आरतीला येणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "काहून रे बा, पोथीच्या सप्त्यात हजार जीव जाळशीन का?" मंडळी क्षणभर गप्प झाली. तेवढ्यात मागे बसलेली एक तरुण बाई उठली. तिच्या कडेवर मूल होते. ती म्हणाली, "तुमचं धरम-करम बराबर आहे जी. पन माह्या लेकराले काही झालं तर कोन जबाबदार?"

आजींचे बरोबर होते आणि त्या बाईचेही बरोबर होते. पोथी उघडून याचे उत्तर सापडत नाही. तिथे विवेक लागतो, आणि विवेकाला माहिती लागते.

तेव्हा माहितीपासून सुरुवात करू. आपल्याकडे घराच्या आसपास मधमाश्यांचे मुख्यतः चार प्रकार दिसतात. सर्वांत मोठी ती आग्या. तिचे एकच मोठे पोळे उघड्यावर असते. ते उंच झाडाची फांदी, कडा, पाण्याच्या टाकीचा तळ, मोठ्या इमारतीचा सज्जा अशा ठिकाणी लटकते. ती चिडली तर थव्याने येते. दुसरी सातेरी. ती अंधाऱ्या पोकळीत एकाला समांतर एक अशी अनेक पोळी बांधते. झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी, जुने खोके तिला चालते. तिसरी फुलोरी. ही बारकी असते, झुडपाच्या काडीला तळहाताएवढे एकच पोळे करते, आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाही. चौथी तर माशीएवढीही नसते, तिला डंखच नाही. भिंतीच्या फटीत मेणाची इवलीशी नळी बाहेर आलेली दिसली तर ती हीच. गांधीलमाशी यांच्यातली नव्हे. तिचे घर कागदासारखे असते आणि ती मध साठवत नाही.

आता त्या बाईच्या भीतीकडे येऊ. ती खरी आहे. मधमाशीने डंख मारला की काटा आपल्या कातडीत अडकतो, तिच्या पोटाचा भाग तुटतो आणि ती मरते. मारताना ती एक वास सोडते, आणि त्या वासाने बाकीच्या माश्या त्याच जागी धावून येतात. म्हणून एकीने चावा घेतला की शंभर येतात. पुष्कळ डंख बसले तर धडधाकट माणसाच्याही जिवावर बेतू शकते, आणि ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याला एकच डंख पुरतो. पण हेही लक्षात घ्यावे की फुलावर बसलेली मधमाशी आपण होऊन कोणाला चावत नाही. ती चावते ती घर राखण्यासाठी, आणि त्यासाठी स्वतःचा जीव देते. पोळ्याला धूर लागला, दगड लागला, फटाका फुटला, मोहोळघारीने झडप घातली, तर ती उठते. म्हणजे सभामंडपात समोरासमोर होते ते दोन संसार. एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती आणि वर स्लॅबला हजारो माश्या आपल्या अंड्या-पिल्लांवर अंगाचे पांघरूण घालून बसल्या होत्या. दोघींचा प्रश्न एकच होता, "माझ्या लेकरांचे काय?"

असा पेच आला की शास्त्र गृहस्थाला काय सांगते? आपल्या धर्मशास्त्राने गृहस्थाला कधीही संन्याशाची अहिंसा सांगितली नाही. मनुस्मृतीत 'पंचसूना' सांगितल्या आहेत. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही घरातली पाच हिंसेची ठिकाणे. स्वयंपाक केला की जीव मरतात, केर काढला की मरतात. हे टळत नाही, असे शास्त्र सरळ कबूल करते. मात्र तेवढ्यावर थांबत नाही. त्याची भरपाई म्हणून पाच महायज्ञ सांगते, आणि त्यांत एक भूतयज्ञ आहे, म्हणजे प्राणिमात्रांचा वाटा. काकबळी, गोग्रास, मुंग्यांना पीठ हे सारे त्यातलेच. याचा अर्थ मला असा लागतो की, गृहस्थाच्या हातून हिंसा होणारच. पण जेवढी टळू शकते तेवढी टाळणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि जी टळत नाही तिचे ऋण त्याने फेडायचे आहे. 'टळू शकते का' हे बघण्याचे कष्ट न घेता जो टेंभा पेटवतो, तो शास्त्राचा आधार सांगू शकत नाही.

टळू शकते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. गांधीजींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्यात मगनवाडीला आले. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे घाणी, हातकागद, गूळ असे उद्योग चालले, त्यांत मधमाशापालनही होते. पोळे पिळून मध काढायचा तर अंडी-पिल्ले चिरडली जातात. पेटीत माश्या पाळल्या तर चौकट बाहेर काढून मध घेता येतो, माश्या राहतात. मधाचा प्रश्न त्या काळच्या कार्यकर्त्यांनी असा हातातल्या कौशल्याने सोडवला.

पण आग्या माशी पेटीत राहत नाही. तिचे काय? वर्ध्याजवळ दत्तपूर आहे, ज्याचे नाव मनोहरजी दिवाण यांच्या कुष्ठधामामुळे साऱ्यांना माहीत आहे. तिथेच डॉ. देवेंद्रकुमार यांनी उभारलेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. या केंद्राने आग्या मोहोळाचा मध माश्या न मारता काढण्याचे काम हाती घेतले आणि मध काढणाऱ्या रानातल्या लोकांना ते शिकवले. त्यामागची समज साधी आहे. आग्या पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीजवळच्या जाड भागात असतो. अंडी-पिल्ले खालच्या भागात असतात. अंगभर संरक्षक पोशाख घालायचा, बेताचा धूर द्यायचा, मधाचा तेवढा भाग कापून घ्यायचा, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माश्या परत येतात, पोळे पुन्हा भरतात, मध पुन्हा मिळतो. पूर्वी हाच मध मशाल लावून, सगळे पोळे जाळून काढत. मध तोच, माणूस तोच, झाडही तेच. मधे फक्त शिक्षण आले आणि हजारो जीव वाचले.

हे मला फार मोलाचे वाटते. आपण अहिंसा म्हणजे मनाची कोवळीक समजतो. मोहोळ जाळू नका असे म्हणणाऱ्याला लोक भोळा समजतात. पण दत्तपूरच्या कामावरून दिसते की अहिंसा ही शिकावी लागते. दोरीची गाठ, सुरीची धार, धुराचे प्रमाण हे सगळे अहिंसेतच येते. नुसत्या दयेने मोहोळ हलत नाही, हाताला ते काम यावे लागते.

घरातले मोहोळही असेच जिवंत हलवता येते. सातेरी भिंतीत किंवा मीटरच्या खोक्यात असेल तर जाणकार माणूस पोळी एकेक करून कापतो, लाकडी चौकटीत दोऱ्याने बांधतो आणि पेटीत ठेवतो. राणी पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग येतात. बाहेर चरायला गेलेल्याही याव्यात म्हणून पेटी संध्याकाळपर्यंत तिथेच राहू देतात, आणि अंधार पडल्यावर दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे नेतात. त्याहून जवळ नेली तर माश्या जुन्या जागी परत येतात. फुलोरीचे पोळे फांदीसकट कापून दुसऱ्या झाडाला बांधता येते. आग्या मात्र हलवण्यापेक्षा थांबणे बरे. ती फिरस्ती आहे. पावसाळा सरल्यावर मैदानात येते, फुलोरा संपला की आपण होऊन निघून जाते. आणि नुसताच एक घोळका फांदीला लोंबकळत असेल, पोळे नसेल, तर तो प्रवासातला थवा. तो काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत, पुढे जातो. त्याला काहीच करायचे नसते.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. तिला वेळ लागतो. जाणकार माणूस शोधायला वेळ लागतो, थोडे पैसे लागतात, कधी महिनाभर कळ काढावी लागते. औषध फवारणारा तासाभरात येतो. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की, घराघरांत मोहोळे मारली जातात ती कोणाला मधमाशीचा राग असतो म्हणून नाही. घाई असते म्हणून. पाहुणे येणार आहेत, रंग द्यायचा आहे, दुकानाचे उद्घाटन आहे, पालखी तीन दिवसांवर आहे. क्रौर्य आपल्यात फारसे नसते. पण घाई असते, आणि क्रौर्य जे करते ते सगळे घाईही करते.

विषाने काम संपते असेही नाही. भिंतीत मेलेल्या माश्या कुजतात, राखायला कोणी न उरल्याने मध पाझरतो, मुंग्या लागतात. मेणाचा वास राहिला तर पुढच्या हंगामात दुसरा थवा तिथेच येतो. म्हणून माश्या हलवल्यावर मेण खरवडून, जागा धुऊन, फट बुजवणे हे खरे काम.

आणि त्याहूनही खरे काम म्हणजे त्या येण्याआधीचे. मला वाटते गृहस्थाची अहिंसा इथे सर्वांत सोपी आहे. भाद्रपद-आश्विनात घराभोवती एक चक्कर मारावी. भिंतीच्या फटी सिमेंटने भराव्यात. झरोक्याला बारीक जाळी लावावी. मीटरच्या खोक्याचे, पाइपाचे, मोकळ्या डब्याचे तोंड बंद करावे. हिवाळ्यात बाजूला ठेवलेला कूलर झाकावा. टाकीखाली, सज्जाखाली महिन्यातून एकदा नजर टाकावी. उन्हाळ्यात आपल्या विदर्भात पाण्यासाठी माश्या नळावर आणि कूलरवर गर्दी करतात. अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात परातीत खडे टाकून पाणी ठेवावे. उन्हाळा लागतानाच ठेवले तर त्यांना तीच जागा पाठ होते. घर बांधून झालेल्याला उठवण्यापेक्षा, 'इथे जागा नाही, तिकडे आहे' असे आधीच सांगणे यात दोघांचाही मान राहतो. दुकानदारांनी, शाळांनी, मंगल कार्यालयांनीही हे करावे.

मग मंदिरात काय झाले? एका जाणकाराला बोलावले. त्याने खालूनच पाहिले आणि सांगितले, "आग्या आहे. तीन दिवसांत हात लावाल तर उठेल. तुम्हीच थोडे सरका." पालखीचा मार्ग मागच्या दाराने केला. त्या स्लॅबखाली दोरी बांधली. हॅलोजन दिवे काढून खाली, आडोशाला लावले, कारण रात्रीच्या उजेडाला माश्या येतात. होम मंडपाच्या दुसऱ्या टोकाला नेला, फटाके बंद ठेवले. त्या लेकुरवाळ्या बाईला समितीने विचारले, तेव्हा तिने दोरी आणखी दहा पावले मागे घ्यायला लावली. ती घेतली. उत्सव पार पडला. कुरकुर झाली नाही असे नाही. फटाक्यांविना दत्तजयंती कसली, असे काहींनी बोलून दाखवले. आग्या माश्या जुन्या जागी पुन्हा येतात, तशा त्या यंदाही आल्या आहेत. म्हणजे प्रश्न संपला नाही. तो दर मार्गशीर्षात नव्याने सोडवावा लागेल, आणि बहुधा धर्माचे सगळे प्रश्न असेच असतात.

एक बाजू राहिली, तीही प्रामाणिकपणे सांगतो. शाळेच्या दारावर चिडलेले मोहोळ आहे, माणसे जखमी होत आहेत, जाणकार मिळत नाही, वाट पाहता येत नाही, अशी वेळ येऊ शकते. तेव्हा माणसाचा जीव आधी. हा आपद्धर्म आहे, त्यात कोणी कोणाला बोल लावू नये. पण आपद्धर्म आपत्तीपुरताच असावा. ज्याने पावसाळाभर फट बुजवली नाही, त्याने मार्गशीर्षात आपत्तीचे नाव सांगू नये. आणि आपद्धर्माने जे केले त्याला पुण्य म्हणू नये, त्याचे ऋण मानावे.

कधी हल्ला झालाच तर हात हलवून झटकू नये. पदराने, उपरण्याने तोंड-डोके झाकून सरळ बंद खोलीत जावे. पाण्यात उडी मारू नये, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटा लगेच नखाने खरवडून काढावा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, किंवा डंख पुष्कळ असले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आणि ऋण कसे फेडावे? काकडी, कारले, दोडका, भोपळा यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. माशीने पराग नेला नाही तर फळच धरत नाही. कांद्याचे बी, सूर्यफूल यांनाही तिचीच मदत. अवधूतांनी पाहिले की मधमाशी फुलाला इजा न करता घेते. आज आपल्याला हेही ठाऊक आहे की ती घेताना देऊन जाते. माधुकरी मागणाऱ्या साधूनेही घराला काहीतरी देऊनच जावे, हा अर्थ त्यात आपोआप आला. तेव्हा आपला भूतयज्ञ असा असावा: अंगणात तुळस, शेवगा, बांधावर करंज आणि कडुनिंब. पीक फुलावर असताना दिवसा फवारणी नको, करावीच लागली तर संध्याकाळी. एक मधमाशी आयुष्यभर राबून चहाच्या चमच्याच्या बाराव्या भागाएवढा मध करते. पंचामृतात आपण चमचाभर घालतो, तेव्हा बारा जन्मांची कमाई प्रभूंच्या चरणी जाते. तो चमचा हातात घेताना एवढे आठवले तरी पुरे.

ज्यांच्या घराला यंदा मोहोळ लागले असेल त्यांना एवढीच विनंती आहे: टेंभा पेटवण्याआधी चार दिवस थांबा, एका जाणकाराला विचारा. जिल्ह्याच्या खादी-ग्रामोद्योग कार्यालयात, मधमाशापालकांकडे चौकशी करा. गुरूला घरात ठेवून घेणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण त्याला जिवंत निरोप देणे बहुतेकांना जमते.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.